मोटारसायकलचा मागचा ब्रेक लागून राहतो : दोष कोठे आहे ते कसे शोधावे?

मागील श्रावणात हळदीवरील कंदकूज पाहण्यासाठी वसमत तालुक्यातील कुरुंदा येथे जाणे झाले. सोबत आलेल्या हळद उत्पादकाने जाताना आपल्या मोटारसायकलवर खताच्या दोन गोण्या टाकून घेतल्या होत्या. आखाड्यावर पोचल्यावर ते म्हणाले, "सर, गाडी ओढतच नाही आता. इंजिन बसलं म्हणतात. काम काढायचं तर सात-आठ हजार रुपये सांगितलेत." गाडी उभी होती तेथे जळल्यासारखा वास येत होता. वास इंजिनाकडून नव्हे, मागच्या चाकाकडून येत होता. तांब्यातील पाण्याचे चार थेंब मागच्या हबवर टाकले, ते चर्र आवाज करून उडाले. पुढच्या हबवर टाकलेले थेंब तसेच ओघळून खाली गेले. इंजिन ठीक होते. मागचा ब्रेक सतत लागून राहत होता आणि इंजिनाची ताकद तेथे खर्च होत होती.

प्रस्तुत लेखक कृषिविद्या विषयाचा अध्यापक आहे, मेकॅनिक नव्हे. परंतु खेडोपाडी शिवारफेरीसाठी गेली बारा-तेरा वर्षे मोटारसायकल वापरीत असल्याने आणि एकदा याच दोषापायी चांगलाच धडा मिळाल्याने हा विषय शेतकरी बंधूंपुढे मांडावासा वाटतो. पीक पिवळे पडले की कारण न पाहता युरिया टाकण्याची जशी सवय असते, तशीच ब्रेक लागून राहिला की मागचा नट सैल करण्याची सवय आहे. नट सैल केल्याने चाक मोकळे होते हे खरे. पण दोष नटात नसेल तर तो तसाच राहतो आणि वर ब्रेकही कमी होतो.

ब्रेक लागून राहिल्याने होते काय?

चाकाच्या कडेशी मोजली तर जेमतेम १ किलो वजनाइतकी ओढ ब्रेक धरून ठेवतो असे समजू. गाडी ताशी ४० कि.मी. वेगाने चालली तर एवढ्याशा ओढीपायी सुमारे ११० वॅट शक्ती उष्णतेत जाते. म्हणजे जुन्या पद्धतीचा शंभर वॅटचा दिवा हबच्या आत सतत जळत ठेवल्यासारखे झाले. सपाट रस्त्यावर या वेगाने गोणीसह गाडी ओढण्यास लागणाऱ्या शक्तीचा, ढोबळ हिशेबाने, हा दहावा हिस्सा होतो. पेट्रोल तेवढे जास्त लागते. पण खरे नुकसान पेट्रोलचे नाही. तापलेल्या लायनरची पकड कमी होते, त्यामुळे उतारावर ऐन गरजेच्या वेळी पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. उष्णतेने हबमधील बेअरिंगचे ग्रीस पातळ होऊन निघून जाते. लायनर शूपासून सुटून ड्रममध्ये अडकला तर चालत्या गाडीचे चाक जाम होते, आणि मागे मूल किंवा घरची माणसे बसलेली असताना असे घडले तर काय होईल हे सांगावयास नको.

प्रथम खात्री करून घ्यावी

गाडी ४-५ कि.मी. चालवावी आणि शेवटी मागचा ब्रेक न लावता, वेग कमी करीत व पुढच्या ब्रेकने हळूच थांबवावी. मग हबजवळ तळहात न्यावा. एकदम हात टेकवू नये, भाजण्याइतका हब तापलेला असू शकतो. पुढच्या व मागच्या हबची तुलना करावी. पाण्याच्या चार थेंबांचीच परीक्षा करावी. तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी मात्र ओतू नये.

हब थंड झाल्यावर गाडी डबल स्टँडवर घ्यावी, न्यूट्रल करावी आणि मागचे चाक हाताने फिरवावे. चेन लागलेली असल्याने ते सायकलच्या चाकासारखे गरगर फिरणार नाही, परंतु एका झटक्यात दोन-तीन फेरे तरी फिरले पाहिजे. फिरताना आवाजाकडे लक्ष द्यावे. सारखा घासल्याचा आवाज वेगळा आणि प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी घासून पुढे मोकळे होणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात ड्रम लंबगोल झालेला असतो किंवा आऱ्या कमीजास्त ओढल्या गेलेल्या असतात. अशा वेळी नट फिरवून काहीही साधत नाही. शू नुकतेच बदलले असतील तर पहिले काही दिवस किंचित घासणे स्वाभाविक आहे, त्याची काळजी करू नये.

आणखी एक सोपी खूण म्हणजे मागचा लाल दिवा. पाय पेडलवर नसतानाही ब्रेकचा दिवा लागून राहत असेल तर पेडल पूर्णपणे वर येत नाही, असा पहिला संशय घ्यावा. दिव्याचे बटण चुकीचे बसविले असले तरी असे होते. म्हणून पेडल बोटाने वर उचलून पाहावे. उचलताच दिवा विझला व चाक मोकळे झाले तर दोष पायाशीच सापडला.

दोषाची जागा ठरविणे

ड्रम ब्रेकची रचना साधी आहे. पायाचे पेडल रॉड ओढते. रॉड हबवरील आर्म ओढतो. आर्ममुळे आतील कॅम फिरतो. कॅम दोन्ही शू फाकवून ड्रमवर दाबतो. पाय काढला की आतील स्प्रिंगांनी शू मिटले पाहिजेत आणि पेडलच्या स्प्रिंगने पेडल वर आले पाहिजे. या साखळीत कोठेही अडले तरी ब्रेक लागून राहतो. त्यामुळे साखळी मधोमध तोडून पाहणे हा शोधण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे.

त्यासाठी रॉडच्या टोकाचा नट किती फेरे फिरवून निघतो ते मोजत पूर्ण काढावा आणि रॉड आर्ममधून बाहेर घ्यावा. त्यावरील लहान स्प्रिंग व गोल पिन वाटीत ठेवावी, मातीत पडली की सापडत नाही. आता चाक फिरवून पाहावे. चाक मोकळे झाले तर आतील ब्रेक ठीक आहे. दोष पेडल, रॉड किंवा नटाच्या बसवणुकीत आहे. चाक अजूनही घासत असेल तर आर्म हाताने मागे ढकलून पाहावा. ढकलल्यावर चाक सुटले तर कॅम घट्ट झाला आहे किंवा शूंच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या आहेत. आर्म हाताने ओढून सोडला की तो टपकन परत आला पाहिजे. रेंगाळत आला तर कॅमचेच दुखणे समजावे. आर्म पूर्ण मागे असूनही चाक घासत असेल तर ड्रमच्या आत गंज किंवा चिखल आहे, चुकीच्या मापाचे शू घातले आहेत, अथवा दोष ब्रेकचा नसून बेअरिंग, चेन किंवा एक्सलचा आहे.

या शेवटच्या शक्यतेकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. पंक्चर काढल्यानंतर चाक जड झाले असेल तर पंक्चरवाल्याने एक्सलवरील कॉलर उलटी बसविली किंवा विसरली असण्याचा संभव असतो. ओळखण्याची रीत अशी : एक्सलचा नट ढिला करताच चाक मोकळे फिरते आणि आवळताच जड होते. नट ढिला ठेवून गाडी चालविणे हा मात्र उपाय नव्हे. चाक उतरवून कॉलर जागच्या जागी बसवावी व नट पूर्ण आवळावा. त्याच वेळी ब्रेक प्लेट जागेवर धरून ठेवणारी पट्टी किंवा खाच नीट बसली आहे का तेही पाहावे. ही पट्टी सुटली तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते.

चेन आवळली, ब्रेक विसरला

कुरुंद्याच्या त्या गाडीचा रॉड काढताच चाक मोकळे झाले. विचारपूस केली तेव्हा कळले की आठ-दहा दिवसांपूर्वी त्यांनी घरीच चेन आवळली होती. चेन आवळण्यासाठी एक्सल मागे सरकवावा लागतो. एक्सल मागे गेला की त्यासोबत ब्रेकचा आर्मही पेडलपासून लांब जातो. रॉडची लांबी तीच राहते, म्हणून न दाबताच ब्रेक ओढला जातो. पेडलचा पायाकडील भाग लांब आणि रॉड ओढणारा भाग आखूड असतो. समजा हे प्रमाण ४ ला १ आहे, तर एक्सल केवळ ५ मि.मी. मागे सरकल्याने पायाकडची २० मि.मी. चाल संपते. या चालीला मेकॅनिक ‘प्ले’ म्हणतात. १०० ते १२५ सी.सी.च्या अनेक गाड्यांत ती २० ते ३० मि.मी. सांगितलेली असते, म्हणजे जवळजवळ सगळीच गेली. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच धरावा.

ही चाल पेडलच्या टोकाशी पट्टी धरून मोजावी. हाताने दाबताना जेथपर्यंत पेडल हलके जाते आणि जेथून शू लागल्याचे जाणवते तेवढे अंतर म्हणजे चाल. चेन आवळल्यावर दर वेळी ही मोजणी केलीच पाहिजे. क्रमही तोच ठेवावा : आधी चेन, मग एक्सलचा नट, शेवटी ब्रेक.

दुसरी गोष्ट वजनाची. रिकामी गाडी डबल स्टँडवर घेऊन ब्रेक अगदी बरोबर लावला आणि नंतर तीवर ५० किलोच्या दोन गोण्या ठेवल्या तर शॉकॲब्सॉर्बर दबतात व मागचे चाक चिमट्यासह वर सरकते. बहुतेक गाड्यांत रॉडचे पुढचे टोक चिमट्याच्या बिजागरीच्या खाली असल्यामुळे चाक वर सरकताना रॉड ताणला जातो. चेनही याच कारणाने ताणली जाते. म्हणून गॅरेजमध्ये मोकळे फिरणारे चाक बाजाराच्या दिवशी तापते आणि मेकॅनिकला काहीच दोष सापडत नाही! ज्यांना हळद, खत किंवा दुधाचे कॅन नेहमी वाहावयाचे आहेत त्यांनी गाडी जमिनीवर उभी करून, नेहमीइतकी माणसे किंवा ओझे वर ठेवून पेडलची चाल पुन्हा मोजावी. वजनाखाली चाल पूर्ण नाहीशी होत असेल तर रिकाम्या गाडीवर ती पुस्तिकेतील मर्यादेच्या वरच्या बाजूस ठेवावी. त्या गाडीवर दोन गोण्यांखेरीज चालकाचे वजनही होते. एवढे ओझे दुचाकीवर वाहू नये हे त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण बैलगाडी विकल्याला सहा वर्षे झाली हेही ऐकविले.

काळी माती आणि पेडलची बिजागरी

नट पुन्हा बरोबर लावूनही त्या गाडीचे पेडल दाबल्यानंतर आळसावल्यासारखे वर येत होते. हा दुसरा दोष पहिल्याच्या आड लपलेला होता. आपल्या भागातील भारी काळ्या जमिनीत फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण जास्त असते. ओली असताना ही माती चिकटते आणि वाळल्यावर विटेसारखी होते, हे आपणास नांगरटीवरून ठाऊकच आहे. पेडलची बिजागरी जमिनीपासून वीतभर उंचीवर, पुढच्या चाकाच्या उडणाऱ्या चिखलाच्या मार्गात असते. तेथे माती शिरून ग्रीस शोषून घेते, पुढे गंज चढतो. पेडलची स्प्रिंग तर साधी; ती एवढ्या घर्षणापुढे हरते.

पिन काढून पेडल उतरवावे, पिन व भोक बारीक सँडपेपरने साफ करावे, कोरडे पुसावे, ग्रीस लावून बसवावे. स्प्रिंग लांबलेली असेल तर नवी घालावी. त्या दिवशी आखाड्यावर या कामास पाऊण तास लागला. त्यातला बराचसा वेळ पिन सोडविण्यातच गेला.

हबवरील कॅमचेही असेच होते, परंतु तेथे अधिक सावधगिरी हवी. कॅम अडकला की त्याच्या फटीत डिझेल, रॉकेल किंवा जळके ऑइल सोडण्याची पद्धत सर्रास दिसते. आर्म दोन दिवस मोकळा होतो, पण तेच तेल आत झिरपून लायनरवर जाते आणि ब्रेक निकामी होतो. तेल प्यालेला लायनर कितीही घासला तरी पुन्हा पहिल्यासारखा पकडत नाही, तो बदलावाच लागतो. कॅम मोकळा करावयाचा तर चाक उतरवून, शू काढून, कॅम बाहेर घेऊन साफ करावा आणि उष्णता सहन करणारे ग्रीस बोटाच्या टोकाने अगदी पातळ लावावे. ड्रममधील भुकटी तोंडाने फुंकू नये वा हवेच्या पाइपने उडवू नये. काही लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो व तो फुप्फुसास घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे.

खताची गोणी फाटकी असेल तर सांडलेले खत हवेतील ओल ओढून घेते व हबवर, रॉडच्या आट्यांवर लवकर गंज आणते. फवारणी पंपातून गळणाऱ्या द्रावणाचेही तसेच. खत वाहिल्यावर गाडीची मागची बाजू साध्या पाण्याने धुवावी, पण पाण्याची जोरदार धार थेट हबच्या फटीवर धरू नये.

जुलै २०२२ मध्ये कुरुंदा गावात पुराचे पाणी शिरले होते. अशा प्रसंगी पाण्याखाली गेलेल्या गाडीचे इंजिन ऑइल सगळेच बदलतात, ब्रेककडे मात्र कोणी पाहत नाही. ड्रममध्ये बसलेला गाळ वाळतो, ड्रमवर गंज चढतो आणि लायनर त्यास चिकटून बसतो. अशी गाडी जोराने ढकलून सोडविण्यापेक्षा दोन्ही चाके उतरवून ड्रम साफ करणे चांगले. केवळ ओढ्यातून गाडी काढली असेल तर एवढे करावे लागत नाही. कमी वेगात ब्रेक हलका दाबून थोडे अंतर चालविल्यास लायनर सुकतो. पाय काढल्यावर चाक मोकळे झाले की नाही तेवढे पाहावे.

नट शेवटपर्यंत गेला असेल तर

रॉडचा नट आट्यांच्या शेवटाला पोचला असेल तर लायनर संपत आले आहेत. अनेक गाड्यांच्या आर्मजवळ एक बाण असतो व प्लेटवर खूण असते. ब्रेक पूर्ण दाबला असता बाण खुणेपर्यंत गेला की शू बदलावेत. येथे काही ठिकाणी एक युक्ती केली जाते : आर्म कॅमवरून काढून एक दाता मागे बसवितात, म्हणजे नटाला पुन्हा वाव मिळतो. ही युक्ती धोक्याची आहे. एक तर बाण खोटे बोलू लागतो. शिवाय झिजलेल्या शूंसाठी कॅम इतका फिरतो की तो आडवा होऊन तसाच अडकू शकतो, मग स्प्रिंगा शू मिटवू शकत नाहीत. शूची जोडी इंजिनाच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक जोडलेली पद्धत किंवा ए.बी.एस. बंधनकारक झाली. जोडलेल्या पद्धतीत पायाचे पेडल केबलद्वारे पुढचा ब्रेकही थोडा ओढते. या केबलमध्ये चिखल जाऊन ती अडकली तर पेडल वर येत नाही आणि दोन्ही चाके जड होतात. अशा गाडीत पुढचे चाकही उचलून फिरवून पाहावे.

मागे डिस्क ब्रेक असल्यास किंचित घासल्याचा आवाज हा दोष नव्हे. चाक हाताने फिरतच नसेल तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकणारी पिन चिखलाने अडकलेली असते, नाहीतर ऑइलचा दाब आत कोंडून राहिलेला असतो. मेकॅनिकने हवा काढण्याचा स्क्रू किंचित सैल करताच चाक सुटले तर दाब कोंडला आहे असे ठरते. हे काम घरी करू नये. डिस्कच्या टाकीत झाकणावर लिहिलेलेच ब्रेक ऑइल टाकावे. इंजिन ऑइल टाकल्यास आतील रबर फुगून ब्रेक कायमचा धरून बसतो.

माझी स्वतःची चूक

सुरुवातीस धड्याचा उल्लेख केला तो असा. नोकरीच्या पहिल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या गाडीचा मागचा ब्रेक असाच धरू लागला. घाईत होतो, नट चार फेरे सैल केला, चाक मोकळे झाले, निघालो. नटाचा एक फेरा म्हणजे रॉडवर साधारण १ मि.मी.; पेडलकडे त्याचे चौपट. खरा दोष गंजलेल्या कॅमचा होता. संध्याकाळपर्यंत ऊन पडून, गाडी चालून कॅम थोडा मोकळा झाला आणि आर्म पूर्ण मागे गेला. आता पेडल तळापर्यंत दाबले तरी शू ड्रमला लागत नव्हते. एका गावाच्या वेशीजवळ शाळेतून सुटलेली मुले रस्ता ओलांडीत होती. पुढच्या ब्रेकने गाडी घसरली, मी पडलो, गुडघा फुटला. मुले बाजूला झाली होती. ती झाली नसती तर, हा विचार आजही अधूनमधून येतो.

तेव्हापासून नट फिरविण्यापूर्वी रॉड काढून पाहतो. नट परत लावताना त्याची खोलगट बाजू आर्ममधील गोल पिनेवर नीट बसली पाहिजे. म्हणून तो अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने फिरवावा व दर वेळी आर्म पुढे ढकलून बसवणूक पाहावी. नट कडेवर राहिला तर दोन-चार कि.मी. नंतर तो आपोआप खाचेत बसतो आणि मोजलेली चाल बदलते. काम झाल्यावर वर्दळ नसलेल्या रस्त्यावर बैलगाडीच्या वेगाने जाऊन पायाचा ब्रेक दोन-तीनदा लावून पाहावा. मग ४-५ कि.मी. चालवून हबवर पुन्हा पाण्याचे थेंब टाकावेत.

कुरुंद्याच्या त्या शेतकऱ्यांचा दिवाळीनंतर निरोप आला. इंजिनाचे काम त्यांनी काढले नाही. पिन, पेडलची स्प्रिंग आणि शूची जोडी बदलली, कारण सततच्या उष्णतेने लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते. कंदकूज मात्र आणखी दोन वाफ्यांत पसरली होती. त्यासंबंधी स्वतंत्रपणे लिहीन.